लंडनच्या ज्यू शाळेत लेकीचं पहिलीचं वर्ष: एका बेने इस्राएल आईचा अभिप्राय

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. गेल्या वर्षभरात मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. ठाण्याहून आईच्या मैत्रिणींनी, इस्राएलमधल्या अश्दोदहून मावसबहिणीने आणि इथे लंडनमध्ये आमच्याच इमारतीतल्या मराठी शेजारणीनेही: ज्यू शाळेत घातलंस, म्हणजे तिथे नक्की शिकवतात तरी काय? फोनवर दर वेळी माझं उत्तर अर्धवट राहायचं. २०२५ च्या जुलैत लेकीची पहिली संपली, तर एकदा नीट लिहिते.

शाळेचं नाव लिहीत नाही. लेक अजून तिथेच शिकते आणि मला तक्रारीही लिहायच्या आहेत. शाळा लंडनच्या वायव्येला, बार्नेट भागात आहे. सरकारी अनुदानावर चालणारी, ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुनी परंपरा काटेकोर पाळणाऱ्या पद्धतीची. वर्गात तीस मुलं, कारण या वयाला इथल्या कायद्याने तेवढीच मर्यादा आहे. त्याआधीचं वर्ष लेक घराजवळच्या साध्या शाळेत होती. या शाळेत एक जागा रिकामी झाली आणि आम्ही अर्ज केला.

तो फॉर्म हातात आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. त्याचं कारण लंडनमध्ये नव्हतं. १९६० च्या दशकात इस्राएलला गेलेल्या आमच्या माणसांकडे तिथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, लग्नाच्या वेळी मागच्या पिढ्यांचे पुरावे मागितले होते. बेने इस्राएल पुरते ज्यू आहेत की नाहीत, यावर जाहीर वाद झाला, आमच्या लोकांना आंदोलन करावं लागलं, आणि १९६४ साली तो मिटला. माझी थोरली मावशी तेव्हा बीरशेबाला होती. ती त्याबद्दल कधी बोलली नाही, पण विषय निघाला की उठून आत जायची. त्यामुळे ‘ज्यू असल्याचा दाखला’ असं काही मागतील या विचारानेच मी दोन दिवस फॉर्म उघडला नाही.

उघडला तेव्हा कळलं, की तसं काही विचारतच नाहीत. २००९ साली ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने एका ज्यू शाळेच्या खटल्यात निकाल दिला, की मुलाची आई जन्माने ज्यू आहे का हे पाहून प्रवेश देणं म्हणजे वंशावरून भेदभाव. तेव्हापासून इथल्या शाळा वंश विचारत नाहीत, आचरण विचारतात. सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, किती वेळा येता, मुलाचं धर्मशिक्षण कुठे होतं, वगैरे. त्यावर तुमच्या रब्बींची सही लागते. आम्ही तीन वर्षं नेमाने जात होतो, सही मिळाली. तुम्ही लंडनला येणार असाल आणि अशा शाळेचा विचार असेल, तर आल्या आल्या एखाद्या सिनेगॉगला जायला लागा. नंतर धावपळ करून ती हजेरी भरून निघत नाही. आणि ज्यांना इथल्या शाळेत पहिल्यांदाच मूल घालायचं आहे, त्यांनी १५ जानेवारी ही तारीख लिहून ठेवा. प्राथमिकच्या अर्जाची ती शेवटची तारीख असते.

शाळेचा दिवस तफिलाने, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेने सुरू होतो. मुलगे किपा, म्हणजे छोटी गोल टोपी, घालतात. मग इंग्रजी, गणित, आणि दिवसातला एक मोठा तुकडा ‘कोदेश’चा: हिब्रू वाचन, तोराह या धर्मग्रंथातली त्या आठवड्याची गोष्ट, सणांची माहिती. गणित-विज्ञान इतर सरकारी शाळांसारखंच आहे, चांगलं आहे, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

हिब्रू वाचनाबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण त्यात मराठी आईबापांना एक फायदा आहे, जो इंग्रजीत वाढलेल्या पालकांना नाही. हिब्रूत स्वर अक्षराच्या खाली, वर किंवा पोटात ठिपके-रेघा देऊन दाखवतात. वर्गातल्या बाकीच्या मुलांना ही कल्पनाच नवी होती. माझ्या लेकीला मी घरी बाराखडी शिकवत होते. ऑक्टोबरात एका संध्याकाळी तिने वही पुढे केली आणि म्हणाली, “आई, खाली एक टिंब म्हणजे वेलांटी.” बरोबर होतं. त्याला खिरिक म्हणतात आणि त्याचा उच्चार इ. डोक्यावर टिंब आलं की ओ, म्हणजे आपली काना-मात्रा. मग आम्ही दोघींनी मिळून हिब्रू अक्षरांची बाराखडीच मांडली, उजवीकडून डावीकडे. ‘ख’सारखा घशातला उच्चार तिच्या इंग्रज मैत्रिणींना महिनोन्‌महिने जमत नव्हता; तिला पहिल्या आठवड्यात आला. नाताळच्या सुट्टीपर्यंत ती छोटे शब्द जोडून वाचत होती. शिक्षिका रोज प्रत्येक मुलाला दोन मिनिटं जवळ बसवून वाचून घेतात. या शाळेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

इंग्रजीचं गाडं त्या मानाने अडखळलं. २०२४ चा ऑक्टोबर बघा: पहिल्या आठवड्यात गुरुवार-शुक्रवार रोश हाशाना, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा गुरुवार-शुक्रवार सुक्कोथ, चौथ्यात पुन्हा तेच दोन दिवस शेमिनी अत्सेरेथ आणि सिम्हाथ तोराह. सण सण म्हणून हवेतच, पण मुलं नुकती शब्द फोडायला शिकत असताना शाळा सारखी तुटत होती. जूनमध्ये पहिलीच्या प्रत्येक मुलाची सरकारी वाचनचाचणी असते. चाळीस शब्द, त्यातले निम्मे अर्थ नसलेले, मूल खरंच अक्षरं जोडतं की पाठ केलेलं म्हणतं ते पाहायला. फेब्रुवारीत लेक मागे आहे असं सांगितलं गेलं. ते नोव्हेंबरात सांगितलं असतं तर आम्ही घरी आधीपासून बसलो असतो. ही तक्रार मी शाळेतही केली. चाचणी पार पडली, पण मार्च ते मे आमच्या घरात रोज रात्री शब्दांचे कागद होते.

शुक्रवारचा दिवस खास. वर्गात शब्बाथची, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होणाऱ्या विसाव्याच्या दिवसाची, तयारी होते, दर आठवड्याला एक मुलगी ‘इमा’ (आई) होते, एक मुलगा ‘अब्बा’ (बाबा). पांढरं कापड, वेणीसारखे गुंफलेले दोन पाव, द्राक्षाचा रस. लेक इमा झाली त्या दिवशी तिने डोक्याला माझी ओढणी बांधली होती. हिवाळ्यात मात्र लंडनला चारच्याही आत सूर्य मावळतो, म्हणून शुक्रवारी शाळा दुपारीच सुटते. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. चार महिने शुक्रवारच्या पाळ्या बदलून घेताना माझी फार ओढाताण झाली. नोकरी करणाऱ्या आयांनी याची सोय आधी लावावी.

फाटकावर पहारा असतो. पहारेकऱ्यांसाठी सरकार अनुदान देतं आणि पालकही आळीपाळीने पिवळं जाकीट घालून उभे राहतात. माझी पहिली पाळी सप्टेंबरात आली. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हा मी ठाण्यात कॉलेजला होते. त्यानंतर आमच्या सिनेगॉगबाहेर पोलीस बसू लागले, त्याआधी तिथे कधी कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या फाटकावर उभं राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघताना मला तेच आठवत होतं. मुलांना मात्र याची झळ लागू देत नाहीत. धोक्याच्या सरावाला वर्गात ‘झोपलेले सिंह’ म्हणतात, मुलं आडवी पडून गप्प राहतात आणि मग स्टिकर मिळतो. हे काम शाळा फार जपून करते. तरी ज्या पालकांना रोज सकाळी हा पहारा बघणं जड जाईल, त्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी एकदा शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी जाऊन यावं.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार, आणि तिचं पुढे काय झालं ते.

नोव्हेंबरात घरी एक कागद आला. ‘आपली कुटुंबं कुठून आली?’ असा धडा होता, खाली नकाशा, त्यावर आजी-आजोबांच्या गावाला खूण करायची. नकाशात पोलंड होतं, जर्मनी होतं, लिथुआनिया होतं, खाली मोरोक्कोचा कोपरा होता. पूर्वेला रशियापाशी कागद संपत होता. लेकीने थोडा वेळ शोधलं. मग कागदाच्या उजव्या कडेला बाण काढला आणि बाहेर टेबलावर बोट ठेवून म्हणाली, “ठाणे इथे.” मी त्या रात्री शाळेला पत्र लिहिलं. रागाने नाही, पण सविस्तर. आम्ही दोन हजार वर्षांपासून कोकणात आहोत असं आमचे जुने लोक सांगतात, आणि माझ्या मुलीला शाळेच्या कागदावर जागा मिळायला हवी, असं.

दोन दिवसांनी वर्गशिक्षिकेचा फोन आला. तिने आधी माफी मागितली, आणि मग म्हणाली, तुम्हीच वर्गात येऊन सांगाल का?

जानेवारीत मी गेले. तीस मुलं गालिच्यावर बसलेली. नौगावच्या किनाऱ्यापाशी फुटलेल्या गलबताची आणि वाचलेल्या सात जोडप्यांची गोष्ट सांगितली. आमचे पूर्वज गावोगाव तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत, हेही सांगितलं. एका मुलाने विचारलं, “बैलालाही सुट्टी?” हो, बैलालाही, आणि मग त्याला शिक्षिकेने तोराहमधली आज्ञा दाखवली, की शब्बाथला जनावरालाही विसावा द्यायचा. बाहेरून आलेल्या दावीद राहाबी या ज्यू माणसाने आमच्या बायकांपुढे वेगवेगळे मासे टाकले आणि त्यांनी पर आणि खवले असलेलेच, म्हणजे ज्यूंना चालतात तेवढेच, निवडून वेगळे काढले, त्यावरून त्याने ओळखलं की हे आपलेच, ही गोष्ट सुरू केली तेव्हा तर मला शेवट सांगावाच लागला नाही. पर आणि खवले हा धडा त्यांचा आदल्याच महिन्यात झाला होता. सगळे हात वर.

त्यातून मलिद्याचं, म्हणजे आमच्या गोड पोह्यांच्या ताटाचं, ठरलं. तू बिशवाथ, म्हणजे झाडांचं नववर्ष, २०२५ मध्ये १३ फेब्रुवारीला होतं. आमच्याकडे हा एलियाहू हानाबी या प्रेषिताचा दिवस. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं आमचे लोक मानतात, तिथे जाऊन मलिदा करतात. पण घरी केलेला पदार्थ वर्गात चालत नाही, कारण प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात कश्रुथ, म्हणजे कोशेर खाण्याचे धर्मनियम, पाळले जातात याची शाळा खात्री देऊ शकत नाही. आधी मला हे लागलं. मग शाळेनेच सुचवलं, की बंद पाकिटं आणा आणि आमच्या स्वयंपाकघरात करा. पोहे, साखर, वेलची, खवलेलं खोबरं. बदाम-पिस्ते नाहीत, कारण ॲलर्जीमुळे शाळेत त्यांना बंदी आहे. देखरेख करणाऱ्या बाईंनी पोह्यांच्या पाकिटावरचा प्रत्येक शब्द वाचला, पोहे ताटात पसरून पाहिले आणि मग ते कसे भिजवायचे हे माझ्याकडून शिकून घेतलं.

ताटात मलिद्याभोवती खजूर, सफरचंद, केळी लावली, एक सुवासिक पान ठेवलं. आमच्याकडे प्रत्येकावर वेगळी बेराखा, म्हणजे खाण्याआधीची छोटी प्रार्थना, म्हणतात: झाडाच्या फळाची निराळी, जमिनीतून येणाऱ्याची निराळी, सुवासाची निराळी. शिक्षिका आनंदाने थांबलीच, कारण पहिलीला त्या महिन्यात नेमकं हेच शिकवायचं होतं. केळं कशात? मुलं म्हणाली झाडाचं. मी सांगितलं, कोकणात केळीचा लोंगर उतरवला की ती केळ कापून टाकतात, ती पुन्हा फळत नाही, बाजूला नवीन पोंगा येतो. म्हणून ती झाड नव्हे, तिच्यावर जमिनीची बेराखा. माझ्या आजोबांच्या परसातलं ज्ञान लंडनच्या वर्गात असं कामाला येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. खोबऱ्याला काही मुलांनी नाक मुरडलं, पण ताट रिकामं झालं.

पुरीम, म्हणजे एस्तेर राणीचा सण, २०२५ मध्ये १४ मार्चला आला आणि त्याच दिवशी धुळवडही. आमच्या घरी पुरीमला होळीचा सणच म्हणतात, त्यामुळे माझ्या आईला फोनवर याचं काही नवल वाटलं नाही. लेक शाळेतून एस्तेर राणीच्या वेषात आली आणि शेजारणीने आणलेली पुरणपोळी तशीच मुकुट घालून खाल्ली.

पेसाहच्या, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाच्या, आधी पुन्हा एकदा अडचण आली. शाळेत नमुन्याचा सेदेर, म्हणजे त्या सणाचं रात्रीचं विधीचं जेवण, झाला, लेक चार प्रश्न सुरात म्हणायला शिकली, आणि घरी येऊन म्हणाली, “आई, पेसाहात भात खायचा नाही. आपण चुकीचं करतो.” युरोपातल्या ज्यूंमध्ये त्या आठ दिवसांत तांदूळ, डाळी, मका वर्ज्य असतात. आमच्यात नाहीत. आम्ही खमीर टाळतो, पण भात आणि तांदळाची भाकरी खातो, आणि हीही तितकीच जुनी रीत आहे. आपली आई चुकते असं पाच वर्षांच्या मुलीला वाटावं, हे मला फार दुखलं. मी पुन्हा लिहिलं. या वेळी उत्तर त्याच दिवशी आलं, आणि सुट्टी लागण्यापूर्वी सगळ्या पालकांना सुधारलेला कागद गेला, त्यात ‘काही कुटुंबं तांदूळ खातात, काही खात नाहीत’ असं स्पष्ट होतं. आधीच लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं. पण चूक दाखवल्यावर इतक्या लवकर दुरुस्त करणारी शाळा मी दुसरी पाहिलेली नाही, हेही तितक्याच खरेपणाने लिहिते.

पेसाहच्या रात्री घरच्या सेदेरला लेकीने चार प्रश्न हिब्रूत विचारले आणि नवऱ्याने उत्तर मराठीत वाचलं. मराठी भाषांतराची हग्गादा, म्हणजे सेदेरला वाचायची पोथी, मुंबईत १८४६ सालीच छापली गेली होती. आमच्याकडे तिच्यानंतरची, कडा झिजलेली एक प्रत आहे. भाकरीही केली होती.

मे महिन्यात सिद्दूरचा समारंभ झाला. पहिलीतल्या मुलांना स्वतःचं पहिलं प्रार्थनेचं पुस्तक मिळतं, त्याचं कव्हर घरी शिवायचं असतं. मी आजीच्या नऊवारीचा काठ लावला, हिरवा आणि जरीचा. आई ठाण्याहून त्यासाठी आली. तिचं वय पंच्याहत्तर, शिक्षण माझगावच्या सर एली कदूरी शाळेत, मराठीतून. ती शाळा १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या भावंडांनी आमच्या समाजातल्या मुलांसाठी सुरू केली होती. इथल्या सभागृहात सगळं इंग्रजीत चाललं होतं आणि आई शांत बसून होती. मग मुलांनी डोळ्यांवर उजवा हात ठेवून शेमा, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना, म्हटला. कोकणात पुस्तकं नव्हती, रब्बी नव्हते, तेव्हा आमच्या माणसांजवळ हिब्रूतलं तेवढंच उरलं होतं. सुंतेला तेच, लग्नात तेच, मरणाऱ्याच्या कानाशी तेच. आईने डोळ्यांवर हात ठेवला आणि मुलांबरोबर मोठ्याने म्हटलं, आमच्या चालीत, आमच्या उच्चारात. पुढच्या रांगेतल्या दोन बायका वळून बघू लागल्या, आणि एकीने तिचा हात हातात घेतला.

व्यवहाराचं थोडं. शिक्षणाची फी नाही, पण कोदेशचे शिक्षक आणि सुरक्षा यांसाठी ऐच्छिक वर्गणी मागतात, आणि रक्कम लहान नसते. ती न दिल्याने मुलाचा प्रवेश अडत नाही, कायद्याने अडवता येत नाही, हे माहीत असू द्या. शाळा निवडताना सरकारी तपासणीचा अहवाल वाचाच, पण त्यात धर्मशिक्षण येत नाही. ते पिकुआख या ज्यू शाळांच्या धर्मशिक्षण-तपासणीच्या अहवालात असतं, तोही शोधून वाचा. डबा दुधाचा किंवा शाकाहारी, मांस नाही. वाढदिवस शनिवारी करायचा नाही आणि केक कोशेर बेकरीतूनच. इतर धर्मांची ओळख वर्षभरात अगदीच थोडी झाली, ती वाढायला हवी. आणि मुलीच्या सगळ्या मैत्रिणी ज्यूच होऊ नयेत म्हणून आम्ही रविवारी तिला मुद्दाम शेजारच्या मुलांबरोबर बागेत नेतो.

शेजारणीने विचारलं होतं, आमच्या मुलाला घेतील का? जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर ज्यू कुटुंबांना आधी. जागा उरल्या तर इतरांनाही घ्यावंच लागतं. बर्मिंगहॅमच्या किंग डेव्हिड शाळेत तर बहुतेक मुलं मुसलमान आहेत, जशी आज माझगावच्या आमच्या शाळेतही आहेत.

बेने इस्राएल आईबापांना मी ही शाळा सुचवेन. ठाण्यात आमच्या पोरांना हिब्रू वाचायला रोज कुणी बसवत नव्हतं. आठवड्यातून एकदा कुणी काका वेळ काढून शिकवायचे, तेही थकले की बंद. इथे ते रोज मिळतं, प्रेमाने मिळतं. फक्त तुमच्या घरची रीत तुम्हालाच सांगावी लागेल, लिहून, जाऊन, पुन्हा पुन्हा. ती शाळेला आपोआप माहीत नसते.

आता सुट्टी आहे. परवा बिरड्याचा रोजा, म्हणजे तिशा बेआव, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास. तो बहुतेक वर्षी सुट्टीतच येतो, म्हणून शाळेत त्याबद्दल फारसं होत नाही. काल वाल भिजत घातले, आज उपसून फडक्यात बांधलेत. लेकीने भांड्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, हिब्रू अक्षरांत ‘बिरडं’. ब च्या खाली एक टिंब बरोबर दिलंय. शेवटच्या अनुस्वारासाठी हिब्रूत काय करायचं ते तिला कळलं नाही, मलाही नाही, म्हणून तिने तो मराठीसारखाच वर दिला आहे.